गुरुत्वाकर्षण आणि रक्ताभिसरण

माणूस उभा असताना रक्ताच्या स्वतःच्या वजनामुळे शरीराच्या निरनिराळ्या पातळ्यांवर दाबाचा फरक पडतो. हा फरक, त्यामुळे बदलणारी रक्ताची वाटणी व ती सावरणाऱ्या शरीरक्रिया यांचा विचार या नोंदीत केला आहे. आडव्या स्थितीत हा परिणाम किरकोळ असतो. उभ्या स्थितीत हृदयाच्या खाली दर सेंमी.ला सुमारे ०·७७ मिमी. (पारा) दाब वाढतो व वर तितकाच घटतो. हृदयापाशी रोहिणीतील (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतील) सरासरी दाब ९५ मिमी. धरल्यास मेंदूपाशी तो ७० च्या आसपास, तर पावलापाशी १८५ च्या आसपास भरतो. रक्तदाब घेताना दंड हृदयाच्या पातळीवर ठेवतात तो याचसाठी.

नीलांमधील (हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांमधील) दाबही याच प्रमाणात बदलतो. त्यामुळे पावलातील रोहिणी व नीला यांच्या दाबांतील अंतर, म्हणजे रक्त वाहते ठेवणारा जोर, केवळ उभे राहिल्याने कमी होत नाही. म्हणून ‘रक्ताला पायांतून वर चढणे जड जाते’ हे नेहमीचे विधान अपुरे ठरते. खरी अडचण नीलांच्या मऊ भिंतींची. वाढलेल्या दाबाने त्या फुगतात, सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून पाय व ओटीपोटाकडे सरकते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते.

मानेच्या वरच्या भागात रक्त चढवताना हृदयाला गुरुत्वाविरुद्ध जोर लावावा लागतो का, याबाबत मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार अभिसरण हे बंद वेटोळे असल्याने उतरणारा रक्तस्तंभ चढणाऱ्या स्तंभाला तोलतो. ही सायफनची (उलट्या ‘यू’ आकाराच्या भरलेल्या नळीतून द्रव आपोआप वर चढून पलीकडे उतरण्याची) कल्पना होय. तीनुसार हृदयाला फक्त घर्षणावर मात करावी लागते. दुसऱ्या पक्षाचा आक्षेप असा की, उभ्या माणसाच्या मानेतील मोठ्या नीला चपट्या होतात, म्हणून स्तंभ अखंड राहत नाही. जिराफाचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो, हा या पक्षाचा मुख्य आधार. एवढा दाब वाहिन्या उघड्या ठेवण्यासाठी लागतो, असे उत्तर सायफनवादी देतात. कवटीतील शिराविवरे (मेंदूतील रक्त परत नेणाऱ्या नीलांच्या पोकळ्या) ताठ भिंतींमुळे मिटत नाहीत व त्यांतील दाब वातावरणीय दाबाहून कमी होऊ शकतो. शिवाय पाठीच्या कण्यालगतच्या नीलाजालातूनही रक्त उतरते. हे पाहता माणसात सायफनचा परिणाम अंशतः होतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नीलांत रक्ताला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपा असतात; त्यांचा शोध कोणाचा, हेही वादग्रस्त आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास काही इटालियन शारीरविज्ञांनी त्या पाहिल्या असाव्यात. सविस्तर सचित्र वर्णन मात्र पदुआचे फॅब्रिशियस यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. रक्त खाली लोटून पायांत साचू नये म्हणून झडपा आहेत, असे त्यांना वाटे. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये दाखवून दिले की, मानेतील झडपा उलट दिशेने, हृदयाकडेच उघडतात. गुरुत्वाच्या दृष्टीने फॅब्रिशियस अगदीच चुकले होते असे नाही, कारण पायांत झडपा स्तंभाचे तुकडे पाडतातच. निश्चल उभे असता पावलाच्या नीलेतील दाब सुमारे ९० मिमी. असतो, चालू लागताच पोटऱ्यांच्या आकुंचनामुळे तो ३० च्या खाली येतो.

मानेतील रोहिणीविवर (मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचा फुगीर भाग) व महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीची) कमान येथील दाबग्राही (दाबातील बदल टिपणारी मज्जातंतूंची टोके) उभे राहताच दाब उतरल्यास काही क्षणांतच हृदयाचे ठोके वाढवतात व वाहिन्या आकुंचित करतात. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत आकुंचन-दाब (हृदय आकुंचन पावतानाचा, वरचा) २० किंवा प्रसरण-दाब (ते सैल पडतानाचा, खालचा) १० मिमी.ने उतरल्यास त्यास स्थितिजन्य न्यूनरक्तदाब म्हणतात.

अवकाशात रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात, चेहरा सुजरा दिसतो, पाय बारीक होतात, रक्तद्रवाचे आकारमानही घटते. अशा वेळी छातीतील मध्यवर्ती नीलादाब (हृदयाजवळच्या मोठ्या नीलांतील दाब) वाढेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्ष मापनात तो उतरलेला आढळला. छातीवरील भार नाहीसा झाल्याने असे होत असावे. पृथ्वीवर डोके ६° खाली ठेवून दीर्घकाळ निजवण्याच्या प्रयोगांत हा दाब सुरुवातीस वाढतो, म्हणून या बाबतीत ते प्रयोग अवकाशस्थितीशी जुळत नाहीत.