नाव की पत्ता? हेल्प फायलींमधल्या दुव्यांची पार्श्वभूमी

हेल्पमधल्या दुव्यावर क्लिक करावं आणि 'विषय सापडला नाही' अशी चौकट समोर यावी, हे कुणाला नवीन नाही. मजकूर लिहायचा राहिलेला असतो असं नाही. पुष्कळदा तो दुसऱ्या फायलीत असतो आणि त्या फायलीचं नाव किंवा जागा मधल्या काळात बदललेली असते. एका फायलीतले दुवे तयार करतानाच तपासून घेता येतात. दोन फायलींमधला दुवा जुळतो की नाही, हे मात्र वाचकाच्या संगणकावर कळतं. इतक्या वर्षांची सगळी खटपट याच एका अडचणीभोवती फिरली आहे.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्यात प्रत्येक कमांडला स्वतंत्र पान होतं आणि पानाच्या शेवटाकडे 'हेही पाहा' असा भाग. तिथे दुसऱ्या कमांडचं नुसतं नाव लिहायचं, ती शोधायचं काम वाचकाचं. फाइल कुठे आहे याचा उल्लेखच नसल्यामुळे तो चुकण्याचा प्रश्न नव्हता.

पडद्यावर क्लिक करता येऊ लागलं, तसा नावासोबत पत्ताही लिहावा लागला. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर विनहेल्प ही हेल्प फायली दाखवणारी यंत्रणा आली. लेखक वर्डमध्ये मजकूर लिहीत. दुव्याच्या शब्दांना दुहेरी अधोरेखन करायचं आणि त्यांना चिकटून, लपवलेल्या अक्षरांत, विषयाचं ओळखनाम टाकायचं. विषय दुसऱ्या फायलीत असेल तर त्यापुढे ॲटचं चिन्ह आणि त्या फायलीचं नाव. म्हणजे फायलीचं नाव बदललं की तिच्याकडे येणारा प्रत्येक दुवा हाताने दुरुस्त करणं आलं. विंडोज ९५ मध्ये अनुक्रमणिकेची वेगळी फाइल आली आणि अनेक हेल्प फायली वाचकाला एकाच पुस्तकासारख्या दिसू लागल्या. मजकुरातले दुवे होते तसेच राहिले.

१९९७ मध्ये वेबसारखी पानं एकाच फायलीत बांधणारं एचटीएमएल हेल्प, म्हणजे सीएचएम, आलं. आता दुव्यात सीएचएम फायलीचं नाव आणि तिच्या पोटातल्या पानाचा मार्ग असे दोन्ही लिहावे लागत. इथे एक फटका अनपेक्षित बाजूने बसला. ही पानं ज्या यंत्रणेतून उघडत, तिच्यातल्या सुरक्षा-त्रुटीमुळे २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिच्यावर बंधनं आणली. त्यानंतर नेटवर्कवर ठेवलेल्या सीएचएमची अनुक्रमणिका दिसायची, पण उजवीकडचं पान उघडत नसे. दुव्यात अक्षराचीही चूक नसताना तो निकामी झाला. लेखकाला याहून अन्यायकारक काय असेल!

ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं, एकाच मजकुरातून पडद्यावरची आणि छापील पुस्तिका बनवणारं टेक्सइन्फो मला या सगळ्यांत जास्त विचारपूर्वक केलेलं वाटतं. त्यातल्या संदर्भात इन्फो, म्हणजे पडद्यावर वाचायच्या, फायलीच्या नावासोबत छापील पुस्तकाचं शीर्षकही देता येतं. त्यामुळे पडद्यावर तो दुवा होतो आणि कागदावर 'अमुक पुस्तकातलं अमुक प्रकरण पाहा' असं सरळ वाक्य छापलं जातं. दुसरी फाइल हाताशी नसलेल्या वाचकाचाही विचार त्यात आहे.

पुढे पत्ता मजकुरातून बाहेर काढण्याकडे कल वळला. २००५ मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डीटा हे तांत्रिक दस्तऐवज लिहिण्याचं मानक मंजूर केलं आणि २०१० च्या १.२ आवृत्तीत 'की', म्हणजे पत्त्याऐवजी वापरायची नावं, आल्या. लेखक फक्त की लिहितो. ती कुठल्या फायलीकडे जाते हे 'नकाशा' नावाच्या वेगळ्या फायलीत एकदाच नोंदवायचं आणि बदललं तर तिथेच बदलायचं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दस्तऐवजांसाठी तयार होऊन २००८ मध्ये बाहेर आलेल्या स्फिंक्स या दस्तऐवज बनवण्याच्या साधनामध्ये हीच कल्पना वेगवेगळ्या प्रकल्पांमध्ये चालते. प्रत्येक प्रकल्प आपल्या विषयांच्या नावांची आणि पत्त्यांची यादी प्रसिद्ध करतो, दुसरा प्रकल्प बिल्डच्या, म्हणजे आपले दस्तऐवज तयार करण्याच्या, वेळी ती वाचून दुवे जुळवतो. हवं असलेलं प्रकरणाचं नाव यादीत मिळालं नाही, तर लेखकाला तिथेच इशारा मिळतो.

आवृत्तीचा प्रश्न मात्र या यादीने सुटत नाही. एकाच प्रकल्पाच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या याद्या वेगळ्या असतात आणि कुठली जोडायची हे दुवा देणाऱ्यालाच ठरवावं लागतं.