ध्वनियंत्रणेतील मोबाइल-व्यत्यय

मोबाइल फोनच्या रेडिओलहरी मायक्रोफोन, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर किंवा श्रवणयंत्रात शिरल्यामुळे उमटणाऱ्या अनाहूत आवाजाला मोबाइल-व्यत्यय म्हणतात. दुसऱ्या पिढीच्या जीएसएम फोनची घंटी वाजण्याच्या किंचित आधी स्पीकरमधून येणारी तुटक टरटर हे त्याचे सर्वपरिचित रूप होय.

जीएसएममध्ये एकाच वाहक लहरीचा वेळ आठ फोनांत वाटलेला असतो. प्रत्येक फोन 4.615 मिलिसेकंदांपैकी केवळ 0.577 मिलिसेकंद प्रक्षेपण करतो, पण 900 मेगाहर्ट्झ पट्ट्यात ते 2 वॉटपर्यंत असू शकते. म्हणजे त्याची लहर सेकंदाला सुमारे 217 वेळा चालू-बंद होते. मूळ लहर कानाला ऐकू येणे शक्यच नाही. मात्र ती केबलवाटे पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचली की तेथील अर्धवाहक संधी (जंक्शन) तिचे एकदिशीकरण करते, म्हणजे तिला एकाच दिशेने जाऊ देते, आणि मागे उरतात 217 हर्ट्झ व त्याच्या पटीतील स्वर. हे स्वर बोलण्याच्याच पट्ट्यात पडत असल्याने ते नंतर गाळू गेल्यास बोलणेही गाळले जाते. बंदोबस्त त्या संधीच्या अलीकडेच करावा लागतो.

सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा, आणि तो वाटतो त्याहून प्रभावी आहे. एकदिशीकरणातून निघणारा आवाज क्षेत्रतीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास तो साधारण 12 डेसिबलने उतरतो.

यंत्र बनवणाऱ्याचे काम अधिक किचकट असते. 900 मेगाहर्ट्झ पट्ट्यातील तरंगलांबी सुमारे 33 सेंटिमीटर असल्याने आठ सेंटिमीटरची उघडी तारसुद्धा चांगला अँटेना ठरते. म्हणून प्रवेशाच्या पिनांलगत काही दशक पिकोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर बसवतात. त्यांचे पाय लांब राहिले तर उपयोग फारसा होत नाही. केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) प्रवेशाच्या जागीच धातूच्या पेटीला जोडावी लागते. अनेक मिक्सरांत ती आतल्या सर्किटच्या ग्राउंडला नेलेली असे, त्यामुळे शील्डवरचा रेडिओप्रवाह थेट सर्किटात उतरे. ‘पिन-1 समस्या’ (शील्ड जोडली जाते ती कनेक्टरची पिन क्रमांक 1) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दोषाकडे ध्वनिअभियंता नील मन्सी यांनी 1995 च्या लेखात लक्ष वेधले आणि 2005 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीचे एईएस-48 हे मानक आले. केबलवर अडकवायची फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) कडी हा त्यामानाने वरवरचा इलाज आहे; तिच्या साहित्याची निवड या वारंवारतेसाठी केलेली नसेल, तर फरक जाणवत नाही.

श्रवणयंत्राच्या टेलिकॉइलबाबत (चुंबकीय क्षेत्रातून आवाज पकडणाऱ्या तारेच्या गुंडाळीबाबत) हे उपाय अपुरे पडतात, कारण फोनच्या बॅटरीतून त्याच 217 च्या तालात ओढला जाणारा प्रवाह श्राव्य वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि कॉइल ते थेट पकडते.