पिंटो, एर्लिक

एर्लिक विल्मट पिंटो (मृत्यू : २२ नोव्हेंबर १९६३). भारतीय हवाई दलातील एअर व्हाइस मार्शल आणि डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’मध्ये हवाई कारवाईचे प्रमुख. भूदलाची सूत्रे दक्षिण विभागाचे लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधुरी यांच्याकडे होती, तर पुणे आणि बेळगावजवळच्या सांबरा तळावर जमवलेली विमाने पिंटो यांच्या हुकमतीखाली होती.

पोर्तुगिजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हते, त्यामुळे आकाशातल्या झुंजीचा प्रश्नच नव्हता. अवघड होते ते हात राखून मारणे. पिंटो यांना मिळालेला आदेशच तसा होता. दाबोळीची धावपट्टी निकामी करायची, पण टर्मिनलच्या इमारतीला आणि विमानतळावरच्या इतर सोयींना धक्का लावायचा नाही. बांबोळीचे बिनतारी केंद्र मात्र नष्ट करायचे. दमण आणि दीवच्या धावपट्ट्यांवर परवानगीशिवाय हल्ला करायचा नाही आणि पुढे सरकणाऱ्या पायदळाला पाठबळ द्यायचे.

१८ डिसेंबरच्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड बाँब टाकले. पाठोपाठ विंग कमांडर सुरिंदर सिंग यांची ८ कॅनबेरा आली. टर्मिनल शाबूत राहिले आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही. धावपट्टी मात्र पुरती मोडली नव्हती. खड्डे घाईघाईने बुजवून त्याच रात्री ती दोन्ही विमाने, एक सुपर कॉन्स्टलेशन आणि एक डीसी-४, पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कराचीकडे निसटली. लष्करी हिशेबात ही उणीवच. पण आत बायकामुले होती हे लक्षात घेता तिची फार हळहळ वाटू नये. बांबोळीत ६ हंटर विमानांनी रॉकेटे आणि तोफांचा मारा करून केंद्र उद्ध्वस्त केले.

या मोहिमेत एक चूकही घडली. दोन व्हॅम्पायर विमानांनी आपल्याच शीख लाइट इन्फन्ट्रीच्या जागांवर रॉकेटे डागली आणि दोन जवान जखमी झाले.

१९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी नौदलाच्या ताब्यात गेली. नौदलाच्या तळावरूनच नागरी विमाने उडवण्याची रीत, जी दाबोळीच्या प्रवाशाला विमानांच्या वेळा पाहताना आजही जाणवते, तिचे मूळ या हस्तांतरात आहे.

१९६२ च्या चीन युद्धात पिंटो हवाई दलाच्या ‘ऑपरेशनल कमांड’चे प्रमुख होते. सरकारने लढाऊ विमाने वापरली नाहीत. वाहतूक विमानांनी मात्र लडाखमध्ये मोठे काम केले, अगदी एएमएक्स-१३ रणगाडे एएन-१२ विमानांतून चुशूलला उतरवण्यापर्यंत. जून १९६३ मध्ये याच कमांडचे नाव पश्चिम हवाई कमांड झाले.

त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला पूंछ भागात पाहणीसाठी निघालेले अलुएट हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळले. पिंटो यांच्यासह लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, मेजर जनरल नानावटी, ब्रिगेडियर ओबेरॉय आणि वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सोधी असे सहाही जण ठार झाले. इतक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकाच विमानातून जाऊ नये, हा दंडक सैन्यदलांत या अपघातानंतर आला.