उसन्या यंत्रांचा घरसंसार

घरात सिनेमे, गाणी आणि फोटो साठवणारा सर्व्हर बसवायचा म्हटलं, की जाणकार माणूस चार गोष्टी हमखास ऐकवतो. प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा पुढचा घे, डिस्क सीएमआर (लिहिण्याच्या रेघा सुट्या ठेवणारी) आहे ना ते बघ, मशीन किती वॅट खातं ते विचार, आणि रेडला, म्हणजे अनेक डिस्का जोडून वापरण्याच्या पद्धतीला, बॅकअप समजू नकोस. ऐकणारा मान डोलावतो. पण यातली प्रत्येक सूचना कुणाच्या तरी नुकसानीतून आलेली आहे. शिवाय घरासाठी म्हणून बनवलेलं यात जवळपास काहीच नाही. दुसऱ्याचं सामान घरी आणायचं आणि आपल्या कामाला जुंपायचं, असाच हा सगळा प्रवास आहे.

अगदी रेडसुद्धा. 1988 साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. मेनफ्रेमची, म्हणजे कंपन्यांच्या प्रचंड संगणकाची, एकच अवाढव्य, महागडी डिस्क घेण्याऐवजी पीसीसाठी बनलेल्या स्वस्त डिस्कांची फळी उभी करा, असं त्यांचं म्हणणं. या फळीचं नाव रेड (RAID). नावातला ‘आय’ मुळात ‘इनएक्सपेन्सिव्ह’, म्हणजे ‘स्वस्त’ या अर्थाचा. पुढे कंपन्यांनी तो ‘इंडिपेंडंट’, म्हणजे ‘स्वतंत्र’ करून टाकला. लाखांची यंत्रं विकणाऱ्याला ‘स्वस्त’ हा शब्द कसा परवडणार? हेतू एवढाच होता, की एक डिस्क गेली तरी काम थांबू नये. चुकून डिलीट केलेला फोटो मात्र सगळ्या डिस्कांवरून तितक्याच तत्परतेने जातो. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, ते यासाठी.

दिवाणखान्यातली गोष्ट सुरू होते ती एका खेळण्यापासून. 2001 च्या अखेरीस आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये 733 मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर होता आणि तो टीव्हीला जोडलेला होता. हौशी लोकांनी त्यात चिप बसवून कुलूप फोडलं आणि त्यावर एक्सबीएमसी हे सिनेमे-गाणी चालवणारं सॉफ्टवेअर चालवलं, म्हणजे आजचं कोडी. आतली डिस्क जेमतेम 8-10 जीबीची, त्यामुळे सिनेमे आतल्या खोलीतल्या पीसीवर ठेवायचे आणि नेटवर्कवरून ओढायचे. साठवण एकीकडे, पडदा दुसरीकडे, ही मांडणी अनेक घरांत अशी रुजली. 2008 मध्ये याच कोडमधून प्लेक्स निघालं. त्याने पुढे उलटी वाट धरली: टीव्हीला किंवा फोनला फाइल झेपत नसेल तर सर्व्हरनेच ती चालू असताना बदलून द्यायची. टीव्हीजवळच्या डब्यावरचा भार इथे आतल्या खोलीत सरकला, आणि प्रोसेसर कुठला घ्यावा हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

घरासाठीच बनलेलं एक यंत्र मात्र आलं होतं. जानेवारी 2007 मध्ये बिल गेट्स यांनी विंडोज होम सर्व्हर जाहीर केला. लहान-मोठ्या कुठल्याही डिस्का लावा, तो त्यांचा एकच साठा करी आणि सांगाल त्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवी. सुरुवातीला काही फाइली बिघडवण्याचा दोष निघाला, तो दुरुस्तही झाला. तरी नोव्हेंबर 2010 मध्ये डिस्कांचा साठा करणारी हीच सोय पुढच्या आवृत्तीतून काढली जाईल असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. उरलेल्यात राम नव्हता. अनरेड आणि फ्रीनॅस या घरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणाली तेव्हा पाचेक वर्षं जुन्या होत्या. बरेच लोक तिकडे वळले. त्याच सुमाराला छोट्या ऑफिसांसाठी एचपीने आणलेला चार डिस्कांचा मायक्रोसर्व्हर घरोघरी शिरला. पुन्हा उसनवारीच.

मग डिस्का. 2011 च्या पावसाळ्यानंतर थायलंडमध्ये महापूर आला, तिथले डिस्क कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर भाव भडकले. सुटी डिस्क महाग आणि तीच प्लास्टिकच्या खोक्यातली यूएसबी डिस्क स्वस्त, असं चित्र अनेकदा दिसू लागलं. खोकं फोडून आतली डिस्क काढायची युक्ती त्यामुळे फोफावली. त्यातल्या काही डिस्का जुन्या पॉवर सप्लायवर फिरतच नाहीत. डिस्कच्या पॉवर जोडणीतल्या तिसऱ्या पिनवर चिकटपट्टी लावावी लागते. वॉरंटीवर अर्थातच पाणी.

सीएमआरचा आग्रह एप्रिल 2020 चा. घरच्या स्टोरेजसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘रेड’ (Red, लाल) मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्का सीएमआर नसून एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि ग्राहकांना ते सांगितलेलंच नव्हतं. एसएमआरमध्ये ट्रॅक, म्हणजे लिहिण्याच्या रेघा, कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. छपराच्या मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, तसंच इथे. एकदा लिहून नुसतं वाचायचं असेल तर कुरकुर नाही. पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावून दिवसभर सलग लिहायला घेतलं, की ती इतकी मंदावते की डिस्कांची फळी सांभाळणारी झेडएफएस ही फाइल प्रणाली तिला बिघडलेली समजून बाहेर काढू शकते. नेमकं गरजेच्या वेळी.

आणि सातवी पिढी का? एके काळी 1080पीचा (फुल एचडी) एक सिनेमा चालू असताना बदलायला प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या पासमार्क चाचणीचे 2000 गुण धरा असा प्लेक्सचा ढोबळ हिशेब होता, म्हणून लोक जुने, तापणारे सर्व्हर प्रोसेसर आणत. 2011 पासून इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक आलं. व्हिडिओ बदलण्याचं काम चिपचा एक छोटा कोपरा करू लागला. 4के सिनेमे ज्यात दाबून साठवतात ते 10 बिट एचईव्हीसी त्याला नीट झेपू लागलं ते सातव्या पिढीपासून. (नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त दिसतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतं.)

गंमत अशी, की विंडोज 11 ने जवळपास हीच अख्खी पिढी नाकारली. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा पाठिंबा संपला आणि डेल, लेनोवो, एचपीचे पुस्तकाएवढे ऑफिस पीसी रिफर्बिश्डच्या, म्हणजे दुरुस्त करून विकायच्या जुन्या मालाच्या, बाजारात येत राहिले. लिनक्सला त्यांचं वावडं नाही. जुना सर्व्हर सतत 60 वॅट खात असेल तर वर्षाला सव्वापाचशे युनिट होतात. 12 वॅटवर निवांत बसणारा असा पीसी 105 युनिटांत भागवतो. आत फार तर अडीच इंची एक डिस्क मावते, मोठ्या डिस्का बाहेरच ठेवाव्या लागतात, कारण तो बनला होता कुणाच्या तरी हिशेबनिसाच्या टेबलासाठी.