डिप्रेशन की बायपोलर? केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह

केसपेपरवर निदानाच्या जागी डॉक्टर एक नाव लिहितात आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकतात. आईबाप तिथेच खचतात. ‘एवढी फी घेऊन यांनाच कळेना, तर आम्ही कुणाकडे जायचं?’ मग दुसरा डॉक्टर होतो, तिथे वेगळंच नाव निघतं आणि घरात नवी भांडणं लागतात. पण चौदा ते अठराच्या वयात डिप्रेशन आणि बायपोलर (ज्यात मूड कधी उदासीच्या, कधी अतिउत्साहाच्या टोकाला जातो) यांत निवड करायची असेल, तर प्रश्नचिन्ह टाकणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

अडचण अशी, की बायपोलरची सुरुवात बरेचदा डिप्रेशननेच होते. त्या टप्प्यावर दोन्ही मुलं सारखीच दिसतात. अंथरुणातून उठत नाहीत, क्लास बुडवतात, आवडीचं क्रिकेटही नको होतं, ‘माझा काही उपयोग नाही’ म्हणतात. दोन आठवडे किंवा जास्त काळ असं चाललं, तर डॉक्टर डिप्रेशनचा विचार करतात. या वयात उदासीऐवजी नुसती चिडचिडही असू शकते. पोरगी रडत नाही, उलट तोडून बोलते, म्हणून तिला डिप्रेशन नाही असं होत नाही.

बायपोलर म्हणायला दुसरं टोक दिसावं लागतं. मॅनिया म्हणजे मूड आणि उत्साह बेफाम चढलेली अवस्था, ती किमान सात दिवस टिकावी लागते (दवाखान्यात ठेवावं लागलं तर त्याहून कमीही चालतात). हायपोमॅनिया हे तिचंच सौम्य रूप, ते सलग चार दिवस तरी हवं. या काळात मूल त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळं वागतं आणि ते बाहेरच्यांनाही जाणवतं. सकाळी खिदळणारा पोरगा संध्याकाळी दार आपटतो, एवढ्यावरून बायपोलर ठरत नाही. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. मूड किती टोकाला जातो याइतकंच तो किती दिवस टिकतो आणि मधल्या काळात मूल पूर्ववत होतं का, हेही बघावं लागतं.

सगळ्यात कामाची खूण झोपेत सापडते. रात्री तीनपर्यंत मोबाइल बघून दुपारी बारापर्यंत लोळणं हे निम्म्या घरांत चालतं. डिप्रेशनमध्ये बरेचदा झोप लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मूल गळून जातं. मॅनियात झोपेची गरजच उरत नाही. तीन तास झोपून पहाटे उठायचं, कपाट उपसायचं, एकाच वेळी यूट्यूब चॅनल आणि धंद्याचे बेत आखायचे, बोलणं थांबवायचं नाही, उधारीवर खर्च करायचा, आणि तरी थकवा नाही. असे चार-पाच दिवस लागोपाठ गेले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा.

अमेरिकेत ही गल्लत फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिथे वीस वर्षांखालच्या मुलांत बायपोलरच्या निदानासह डॉक्टरकडे झालेल्या भेटी १९९४-९५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २५ होत्या. २००२-०३ मध्ये त्या १००३ झाल्या. आजार आठ वर्षांत चाळीसपट वाढत नसतो, निदान वाढलं होतं. वर्षभर सतत चिडलेल्या, संतापाचे झटके येणाऱ्या मुलांवर हा शिक्का बसत होता. पुढे लक्ष ठेवल्यावर दिसलं, की अशी बरीच मुलं मोठेपणी बायपोलरपेक्षा डिप्रेशन आणि चिंतेकडे वळतात. म्हणून २०१३ मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाने त्यांच्यासाठी डिप्रेशनच्याच गटात वेगळं नाव काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मात्र ते स्वतंत्र निदान म्हणून घेतलेलं नाही.

नावावरून एवढी चर्चा होते ती औषधामुळे. डिप्रेशनसाठी दिलेली गोळी बायपोलर असलेल्या मुलात एकटी दिली, तर मॅनिया उफाळू शकतो. तिकडे बायपोलरवरच्या लिथियमसारख्या औषधाला वेळोवेळी रक्त तपासावं लागतं, ते उगाच कुणी देत नाही. डिप्रेशनची गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे मुलाकडे बारीक लक्ष हवं. किशोरवयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्येच दिला आहे. पण इंटरनेटवर तो वाचून घाबरून गोळी परस्पर बंद करणं त्याहून धोक्याचं.

एमआरआय किंवा रक्ततपासणीत बायपोलर दिसत नाही. थायरॉइडसारखं दुसरं काही नाही ना, एवढंच त्यातून बघतात. खरी माहिती घरातच असते आणि आपण ती दाबून ठेवतो. ‘घरात कुणाला असा त्रास?’ असं डॉक्टर विचारतात. आई म्हणते, ‘आमच्याकडे कुणाला नाही.’ बाबाही तेच म्हणतात. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये आत्या हळूच सांगते, धाकट्या काकाला कॉलेजात असताना ‘वारं लागलं होतं’, दोन महिने पुण्याला ठेवलं होतं. निदान फिरवू शकेल अशी गोष्ट पार्किंगमध्येच राहून जाते! बायपोलर रक्ताच्या नात्यात असणं हा मोठा दुवा आहे. तो सांगितल्याने सोयरीक मोडेल ही भीती खरी असली, तरी पोराच्या औषधापुढे ती ठेवू नये.

घरी एक वही ठेवावी. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, दिवसा ताजा होता की पेंगत होता, संतापाचा झटका किती वेळ टिकला, एवढंच लिहायचं. ‘आज पुन्हा उद्धट बोलला’ असली टिपणं डॉक्टरांना उपयोगी नाहीत, आणि पोराने ती वाचली तर वही फाडून टाकेल. त्याला सांगूनच लिहा. डॉक्टर त्याच्याशी एकट्याने बोलायचं म्हणाले, तर दाराशी कान लावू नका. गांजा-दारूचं, शाळेतल्या छळाचं, प्रेमप्रकरणाचं तो तिथेच बोलेल.

‘नक्की काय झालंय?’ हा प्रश्न दर भेटीत विचारून फारसं हाती लागत नाही. ‘पुढच्या तीन महिन्यांत काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?’ असं विचारा, म्हणजे कशावर नजर ठेवायची ते कळतं. दुसरा सल्ला जरूर घ्या, पण जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि वही सोबत न्या. नाहीतर दुसरा डॉक्टरही पहिल्या पानापासून सुरुवात करतो. आणि मूल मरणाचं बोलू लागलं, तर निदानाची वाट न बघता जवळच्या रुग्णालयात न्या. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.