टेहळणी वैमानिक वॉरबर्टन : ५८ वर्षांनी लागलेला पत्ता

१४ मे २००३ रोजी बव्हेरियातल्या ड्युर्नबाखच्या युद्धस्मशानभूमीत एका ब्रिटिश वैमानिकाचा दफनविधी झाला. विंग कमांडर एड्रियन वॉरबर्टन. तो बेपत्ता झाला होता १२ एप्रिल १९४४ रोजी, २६ वर्षांचा असताना.

त्याची गोष्ट सुरू होते माल्टा बेटावर. १९४० च्या सप्टेंबरात तो मेरीलँड या टेहळणी विमानांच्या छोट्या तुकडीबरोबर तिथे पोचला, तोही दिशादर्शक म्हणून. कारण सरळ होतं : उड्डाण आणि उतरणं, दोन्हीत तो कच्चा! इतर वैमानिक आजारी पडले तेव्हा नाइलाजाने विमान त्याच्या हाती आलं. नोव्हेंबरात इटलीच्या टारांटो बंदरावर ब्रिटिश आरमाराचा हवाई छापा पडायचा होता. त्याआधी बंदरात कुठली जहाजं उभी आहेत ते पाहायला तो गेला. कॅमेऱ्याने दगा दिला, तेव्हा इतक्या खालून घिरट्या घातल्या की जहाजांवरची नावं वाचून टिपून घेतली, असं सांगतात. ११ नोव्हेंबरच्या रात्री त्या बंदरात तीन इटालियन युद्धनौका निकामी झाल्या.

पुढे तो स्पिटफायरवर आला. टेहळणीच्या स्पिटफायरमधून बंदुका काढून तिथे कॅमेरे आणि जादा पेट्रोल भरत. बचाव एवढाच, की उंच उडायचं आणि वेगाने पळायचं. पण फोटो घेताना विमान सरळ रेषेत, एका पातळीत ठेवावं लागतं. एकाच जागेचा थोडा थोडा भाग दोन्हींत येईल असे लागोपाठचे फोटो जोडीने लावले, तरच तज्ज्ञांना जमिनीचा उंचसखलपणा दिसतो. म्हणजे नेमकं धोक्याच्या जागी वळायची सोय नाही. माझ्या मते या कामाचं खरं धाडस तिथे आहे. टारांटोची गोष्ट मात्र जास्त रंगते.

१९४३ च्या अखेरीस जीपच्या अपघातात त्याचं कंबरेचं हाड मोडलं. तरी एप्रिलमध्ये तो ऑक्सफर्डशायरच्या माउंट फार्म तळावरून एफ-५ हे अमेरिकी टेहळणी विमान घेऊन निघाला. सोबत दुसरं विमान होतं. जर्मनीवर दोघे वेगळे झाले; फोटो काढून पुन्हा भेटायचं आणि सार्डिनियाला जायचं असा बेत होता. वॉरबर्टन आलाच नाही. साडेतीन महिन्यांनी फ्रेंच लेखक सेंत-एक्झ्युपेरी याच जातीच्या विमानातून असाच हरवला.

एकट्याने उडणाऱ्याच्या मरणाला साक्षीदार नसतो. मग वावड्या उठतात, वॉरबर्टनबद्दलही उठल्या. अखेर २००२ मध्ये बव्हेरियातल्या एगलिंग गावाजवळच्या शेतात, सुमारे दोन मीटर खोल, विमानाचे अवशेष सापडले.

ड्युर्नबाखच्या त्याच स्मशानभूमीत आणखी एक स्मारक आहे : युद्धकैदी असताना वारलेल्या, दहन झालेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सैनिकांचं. पुण्यात खडकीची युद्धस्मशानभूमी सांभाळणारा राष्ट्रकुल युद्धकबर आयोगच तिचीही निगा राखतो.