पेहराव, शालीनता आणि अंतःकरण (ख्रिस्ती दृष्टिकोन)

ख्रिस्ती माणसाने कसे कपडे घालावेत, अंग किती झाकावं, दागिने-मेकअप चालतो का आणि या सगळ्याचा आतल्या स्वभावाशी काय संबंध, यावर पहिल्या शतकापासून मंडळीत शिकवण पण चालत आलीये आणि वाद पण. सगळ्यांना लागू होणारा एकच ड्रेसकोड मात्र बायबलमध्ये नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक बहुतेक वेळा तेच शोधायला जातात.

उत्पत्तीच्या 3ऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वा अंजिराची पानं जोडून अंग झाकतात, आणि पुढे देव स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं करून त्यांना घालतो. म्हणजे लाज आहे तशी देवाची काळजीही आहे, आणि हा दुसरा भाग शिकवताना बऱ्याचदा राहून जातो. पुढे शमुवेल संदेष्टा इशाय नावाच्या माणसाच्या उंच-देखण्या थोरल्या मुलाला बघून हाच राजा असं समजतो तेव्हा देव त्याला सांगतो की माणूस बाहेरचं रूप पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो (1 शमुवेल 16:7). या विषयावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वचन बहुतेक हेच असेल.

नव्या करारातले मुख्य उतारे दोन, 1 तीमथ्य 2:9-10 आणि 1 पेत्र 3:3-4. प्रेषित पौल स्त्रियांना भीड आणि मर्यादा ठेवून साजेसा वेष करायला सांगतो, आणि प्रेषित पेत्र म्हणतो की खरी शोभा अंतःकरणातली, सौम्य आणि शांत आत्म्याची. आता हे उतारे नीट वाचले तर नको म्हटलेल्या गोष्टी कोणत्या, तर केसांची गुंफण, सोनं, मोती, महागडे कपडे. गळा किती खोल किंवा बाही किती लांब याचा तिथे उल्लेखच नाही. रोमन जगात अशी केशरचना आणि मोती म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन होतं, आणि मंडळीत शेजारी दास आणि गरीब बसलेले असायचे, म्हणून मला तरी इथला मुख्य मुद्दा ऐपत मिरवू नका हाच वाटतो, अंग झाकणं त्यानंतर. याकोबाच्या पत्रात (2:2-4) सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बसवणाऱ्यांना झापलंय, तेही याच धाग्यातलं.

नंतरच्या शिक्षकांमध्ये कडक सूर तर्तुलियनचा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या या ख्रिस्ती लेखकाने साधारण इ.स. 200 च्या आसपास स्त्रियांच्या पेहरावावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि केस रंगवणं, चेहरा रंगवणं, दागिने सगळ्यावर टीका केली. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने मात्र नटणाऱ्या पुरुषांनाही सोडलं नाही. चौथ्या शतकात बिशप बासिलने वेगळीच बाजू धरली, तुझ्या पेटीत पडून असलेला झगा उघड्या माणसाचा आहे, असं त्याने श्रीमंतांना सुनावलं. बिशप ऑगस्टिनचं निरीक्षण तर आजही लागू पडतं, की गर्व भपक्यातच असतो असं नाही, मळकट फाटक्या कपड्यांतही तो लपून बसतो. आणि 428 मध्ये पोप सेलेस्टिन पहिले यांनी गॉलमधल्या (आजचा फ्रान्स) बिशपांना लिहिलं की आपण लोकांपेक्षा वेगळे दिसायचं ते शिकवणुकीने आणि वागण्याने, वेषाने नाही.

पंथांप्रमाणे रीत बदलते. आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या कडक गटांत कोटाला बटणाऐवजी हूक असतात, काही पेंटेकॉस्टल मंडळ्यांत स्त्रियांनी पँट न घालण्याचा आणि केस न कापण्याचा नियम आहे आणि त्याला बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातल्या 22:5 चा आणि 1 करिंथ 11 चा आधार दिला जातो. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांचं म्हणणं होतं की भारी कपड्यांवर घातलेला पैसा हा गरिबांच्या वाट्याचा पैसा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत साधा वेष रूढ होत असतानाच त्यांच्यातल्याच मार्गारेट फेल यांनी 1700 मध्ये सगळ्यांनी एकच रंग, एकच वेष घालावा या आग्रहाला ठाम विरोध केला. साधेपणाचासुद्धा युनिफॉर्म झाला की लोक परत बाहेरचंच मोजायला लागतात, आणि ही धोक्याची सूचना त्यांनी किती लवकर दिली हे बघून आदर वाटतो.

आजचा जास्त दुखरा वाद वेगळाय. बऱ्याच ठिकाणी शालीनतेची शिकवण फक्त मुलींनाच दिली जाते, मुलांचं मन भरकटू नये म्हणून तुम्ही असे कपडे घाला, आणि मग कुणी वाईट नजरेने पाहिलं तरी दोष तिच्याच माथी. येशूने मात्र मत्तय 5:28-29 मध्ये जबाबदारी सरळ पाहणाऱ्यावर टाकलीये, उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक, इतकं कडक बोलून. म्हणून आता अनेक शिक्षक शालीनतेचे उतारे आणि येशूचा हा उतारा एकत्र शिकवतात, आणि कलस्सै 3:12 मधलं करुणा, ममता, नम्रता, सौम्यता आणि सहनशीलता अंगात घालायचं सांगणं पुरुष-स्त्री दोघांनाही सारखंच आहे हेही सांगतात.